रक्त सांडले, पण कागद कुठे आहे?

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा मंडळाची पोरे माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही सारखं वाचत असता, इतिहासाचं काहीतरी लिहा." मी काही लेखक नाही. गिरणीत साच्यावर उभा राहून तिन्ही पाळ्या केलेला माणूस. शिक्षण जे झाले ते रात्रशाळेत आणि वाचनालयात. तेव्हा भाषा कुठे अडखळली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केला. त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवले म्हणून. ही गोष्ट आपल्या प्रत्येक जयंतीच्या भाषणात येते. मीही कितीतरी वेळा सांगितली आहे. पण एकदा एका पोराने मला विचारले, "काका, सोडवले हे ठीक आहे. पण पुढं त्यांचं काय झालं?" मला उत्तर देता आले नाही. मग शोधायला लागलो. शोधता शोधता एका विषयावर येऊन थांबलो. तो विषय म्हणजे त्या लढाईत स्वतः बंदूक घेऊन लढलेल्या, हातपाय गमावलेल्या काळ्या सैनिकांची पेन्शन. जोतीराव अर्पणपत्रिका लिहीत होते त्याच वर्षांत तिकडे हे अपंग सैनिक सरकारदारी अर्ज घेऊन उभे होते. तीच हकीकत आज सांगतो.

बंदूक हातात, पगार अर्धा

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असे चार वर्षे चालले. दक्षिणेकडच्या मळेवाल्यांना गुलाम ठेवायचे होते म्हणून त्यांनी वेगळे राज्य मांडले आणि उत्तरेचे सरकार त्यांच्याशी लढले. सुरुवातीला उत्तरेलाही काळे शिपाई नको होते. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि त्यानंतर काळ्यांची भरती जोरात सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत आले. म्हणजे दर दहा शिपायांत एक काळा. त्यातले पुष्कळजण कालपरवापर्यंत गुलाम होते. मळ्यावरून पळून आले आणि भरती झाले. जवळजवळ ४० हजार मेले. गोळीने कमी, आजाराने जास्त.

आता पगाराचा हिशेब बघा. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता. काळ्या शिपायाला १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापून हातावर ७. गोळी मात्र दोघांनाही सारखीच लागते! मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा अर्धा पगार घ्यायलाच नकार दिला. घरी बायकापोरे उपाशी, तरी घेतला नाही. साउथ कॅरोलिनातल्या एका काळ्या पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर याने आपल्या लोकांना घेऊन कप्तानाच्या तंबूपुढे बंदुका खाली ठेवल्या. सरकारने करार मोडला, आम्हीही मोकळे, असे त्याचे म्हणणे. बंड केले म्हणून फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घालून मारले. त्यानंतर चार महिन्यांनी, जून १८६४ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने पगार सारखा केला. संप आम्हीही केला आहे. मागणी बरोबर असते हे सरकारला नेहमी चार महिने उशिराच समजते.

याच ५४ व्या पलटणीने १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर हल्ला केला. झेंडेवाला पडला तेव्हा विल्यम कार्नी या सार्जंटने झेंडा उचलला. गुलाम म्हणून जन्मलेला माणूस. अंगात गोळ्या शिरल्या, तरी झेंडा जमिनीला टेकू न देता तो माघारी घेऊन आला. या जखमांमुळेच पुढल्या वर्षी त्याला सैन्यातून निकामी ठरवून घरी पाठवले. या शौर्याचे सर्वोच्च पदक त्याला मिळाले कधी? १९०० साली. सदतीस वर्षांनी.

आठ डॉलरचा हिशेब

अपंग सैनिकांच्या पेन्शनचा मूळ कायदा १४ जुलै १८६२ चा. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्व आले तर महिना ८ डॉलर. लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याला ३० डॉलर. शिपाई लढाईत मेला तर त्याच्या विधवेलाही तेच ८. गोऱ्या शिपायाच्या पगाराच्या दोन तृतीयांशही ही रक्कम भरत नाही. ती पूर्ण अपंगत्वाची. अपंगत्व कमी धरले तर त्या आठाचेही भाग पाडायचे. डॉक्टर तपासणार आणि लिहिणार की हा माणूस इतक्या आण्याने निकामी. पुढे १८६६ मध्ये एक हात किंवा एक पाय गेलेल्यांना १५ डॉलर झाले आणि नंतरही दर वाढत गेले. पण वाढले ते डोळ्यांना दिसणाऱ्या अपंगत्वाचे. तुटलेला हात दिसतो. आतून मोडलेला माणूस दिसत नाही.

आणि काळ्या शिपायांतले पुष्कळजण आतूनच मोडलेले होते. कारण त्यांना लढाईपेक्षा खंदक खणणे, तोफा ओढणे, गलबतांवर माल चढवणे-उतरवणे अशा कामाला जास्त जुंपले गेले. त्यातून आंतरगळ, पाठीचे दुखणे, संधिवात, दलदलीतला हिवताप, जुनाट जुलाब. ही दुखणी नोकरीतच लागली हे अर्जदाराने सिद्ध करायचे. कशावरून? तर पलटणीच्या दवाखान्याच्या नोंदीवरून. काळ्या पलटणींना डॉक्टर अपुरे आणि नोंदी त्याहून अपुऱ्या. युद्धानंतर गावी जाऊन कुठल्या डॉक्टरकडे औषध घेतले त्याचा दाखला आणा म्हटले तर गावात डॉक्टर कुठला? झाडपाल्याचे औषध देणारी म्हातारी, तिचा दाखला कचेरीत चालत नाही.

कायद्याची कसोटी होती, 'हा माणूस अंगमेहनतीचे काम करू शकतो का?' ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, अक्षर नाही, तो अंगमेहनत नाही करणार तर खाणार काय? मोडक्या पाठीने तो कापूस वेचतच राहिला. मग तपासणारा म्हणणार, हा तर काम करतोय, याला कसले अपंगत्व! आमच्या खात्यात दम लागत असतानाही माणसे बदलीच्या भीतीने साच्यावर उभी राहायची. त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१८७९ मध्ये आणखी एक कायदा झाला. ज्याची पेन्शन मंजूर होईल त्याला सैन्यातून सुटल्या दिवसापासूनची थकबाकी एकरकमी मिळणार. मोठी रक्कम होती. पण अर्ज १ जुलै १८८० च्या आत करायचा. ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येते त्यांनी केला. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांच्या मळ्यापर्यंत बातमीच उशिरा पोचते, त्यांची मुदत निघून गेली. मुदत सगळ्यांना एकच होती बरं का! कायद्यात कुठेही काळा-गोरा असा भेद लिहिलेला नव्हता.

मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. पगारात भेद होता तो उघड होता. सात आणि तेरा. त्याच्याविरुद्ध बंदुका खाली ठेवता आल्या. पेन्शनच्या कायद्यात भेद नव्हता. भेद होता पुराव्यात. कायदा म्हणत होता, कागद दाखवा आणि पैसे घ्या. आणि गुलामगिरीने या माणसांपासून सगळ्यात आधी जर काय हिरावले असेल, तर तो कागद.

नाव काय? वय काय? लग्न कधी झाले?

हे तीन प्रश्न आपल्याला साधे वाटतात. त्यांच्या दृष्टीने बघा.

नाव. गुलामाला आडनाव नसे. असले तर मालकाचे. मळ्यावरून पळून आलेला माणूस भरतीच्या टेबलापुढे उभा राहिला की कारकून विचारी, नाव काय? घाईत मालकाचेच आडनाव लागे. युद्ध संपले, माणूस स्वतंत्र झाला. आता मालकाचे नाव कशाला? म्हणून त्याने बापाचे किंवा स्वतः निवडलेले नाव घेतले. ही त्याच्या स्वाभिमानाची पहिली खूण. वीस वर्षांनी अर्ज केला तेव्हा कचेरी म्हणाली, सैन्यात या नावाचा कोणी शिपाईच नव्हता. तू तोच कशावरून?

वय. गुलामाच्या जन्माची नोंद कोण करणार? गाय-बैलांच्या यादीत मालकाने टिपले असेल तर तेवढेच. १९०७ च्या कायद्याने ६२ वर्षे पूर्ण झालेल्या सैनिकाला १२ डॉलर, सत्तरीला १५ आणि पंचाहत्तरीला २० अशी वयावर पेन्शन ठरली. आता अपंगत्व सिद्ध करायची कटकट गेली, पण वय सिद्ध करायची आली. मग काय करायचे? जुन्या मालकाच्या घरी जायचे आणि त्याच्या घरच्या बायबलात टिपलेले साल मागायचे. ज्याच्याविरुद्ध लढलो त्याच्याच दारात जाऊन, मी कधी जन्मलो ते सांगा म्हणायचे. याहून मोठी विटंबना कोणती?

लग्न. गुलामांच्या लग्नाला कायदा मान्यता देत नसे. नवऱ्याला एकीकडे विकले, बायकोला दुसरीकडे, तरी कायद्याच्या लेखी काही मोडले नाही, कारण काही जुळलेच नव्हते. मग काळा शिपाई मेला तर त्याच्या बायकोला विधवा कोण म्हणणार? एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो येथे शरण आलेल्या काळ्या सैनिकांची दक्षिणेच्या फौजेने कत्तल केली. तिथला गोरा अधिकारी मेजर बूथ मारला गेला होता. त्याची विधवा मेरी बूथ लिंकनकडे गेली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याबरोबर मेलेल्या काळ्या शिपायांच्या बायकापोरांनाही माझ्यासारखाच हक्क पाहिजे. लिंकनने तिला पत्र देऊन सिनेटर समनरकडे पाठवले. त्याच वर्षीच्या जुलैत कायद्यात दुरुस्ती झाली. भरतीपूर्वी दोन वर्षे नवरा-बायको म्हणून एकत्र राहत होते असे दोन साक्षीदारांनी सांगितले तर पेन्शन. पुढे ही दोन वर्षांची अटही काढली. दुःख एकच असलेल्या दोन बायका एकमेकींसाठी उभ्या राहिल्या की कायदा कसा हलतो, त्याचे हे उदाहरण आहे.

पण साक्षीदार आणायचे म्हणजे खर्च. पलटण फुटून माणसे चार दिशांना गेलेली. त्यांना शोधा, वाटखर्च द्या, नोटरीचे पैसे भरा. अर्ज लिहून देणारे एजंट होते, त्यांची फी कायद्याने १० डॉलर ठरलेली, पण अंगठेबहाद्दर माणसाकडून जास्त उकळणारे कुठे नसतात? वॉशिंग्टनहून खास तपासनीस खेड्यात यायचे. काळ्यांच्या अर्जांवर अशी तपासणी जास्त व्हायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचे, ही बाई खरंच त्याची बायको होती का, तिची चाल कशी आहे. साक्ष देणाऱ्या प्रत्येकाची पत काय हेही ते लिहून ठेवायचे. काळ्या सोबत्याच्या साक्षीपेक्षा गोऱ्या मालकाच्या साक्षीला वजन जास्त.

या विषयाचा अभ्यास केलेले इतिहासकार डोनाल्ड शाफर यांनी नमुना घेऊन हिशेब काढला आहे. अर्ज केलेल्या गोऱ्या सैनिकांपैकी सुमारे ९२ टक्क्यांना कधी ना कधी पेन्शन मिळाली. काळ्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना. विधवांच्या बाबतीत हे अंतर त्याहून मोठे. आणि ज्यांनी अर्जच केला नाही त्यांचा हिशेब कुठेच नाही.

आता घरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावाहून आले आणि जॉबरने त्यांना गिरणीत लावले. जॉबरने कारकुनाला जे नाव सांगितले ते हजेरीपटावर चढले. आडनाव नाही, नुसते आपले आणि बापाचे नाव, तेही गावच्या उच्चाराप्रमाणे. धर्मांतरानंतर आमच्या भावकीने आडनाव बदलले. मोठ्या अभिमानाने बदलले. शाळेत आमचे नवे आडनाव, रेशन कार्डावर नवे, गिरणीत मात्र जुनेच. कार्डिंग खात्यात दादांची दोन बोटे गेली तेव्हा डॉक्टरने टक्के लिहिले. त्या टक्क्यांत बोटे किती आणि दादा किती हे मला तेव्हाही कळले नाही. दादा वारले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. फंडाच्या कागदावरचा माणूस आणि मृत्यूच्या दाखल्यावरचा माणूस एकच, हे सिद्ध करायला आईला दोन वर्षे लागली. शेवटी दादांबरोबर साच्यावर काम केलेले चार जण पाळी सोडून, पगार बुडवून, नोटरीपुढे जाऊन उभे राहिले. गिरणीचे आणि कचेरीचे नाव घेत नाही. गिरणी आता राहिलीही नाही. पण त्या चौघांना मी विसरलो नाही. म्हणून अमेरिकेतल्या त्या शिपायांचे वाचताना मला ते परके वाटले नाहीत.

हॅरिएट टबमनची फाईल

हॅरिएट टबमनचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. मेरीलँड राज्यात १८२२ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मलेली बाई. लहानपणी एका मुकादमाने दुसऱ्या गुलामावर फेकलेले लोखंडी वजन हिच्या डोक्यात बसले. त्यामुळे जन्मभर तिला मधेच गुंगी यायची. १८४९ मध्ये ती एकटी पळाली आणि स्वतंत्र झाली. आणि मग सुमारे तेरा वेळा परत जाऊन तिने जवळजवळ सत्तर माणसांना सोडवून आणले. युद्धात ती साउथ कॅरोलिनात परिचारिका, वाटाड्या आणि हेर म्हणून राबली. जून १८६३ मध्ये कम्बाही नदीवरच्या मोहिमेत ती फौजेबरोबर वाट दाखवायला होती. त्या एका मोहिमेत सातशेहून जास्त गुलाम सुटले.

युद्ध संपल्यावर ती सैनिकी पास घेऊन आगगाडीने घरी निघाली. कंडक्टरला काळ्या बाईकडचा पास खरा वाटेना. त्याने आणखी माणसे बोलावून तिला डब्यातून ओढून काढले. त्यात तिच्या हाताला जबर दुखापत झाली. लढाईत वाचलेली बाई घरी येताना जायबंदी झाली. या जखमेला पेन्शन नाही.

तिने केलेल्या कामाची बाकी ती सरकारकडे तीस-बत्तीस वर्षे मागत होती. तिला पेन्शन मिळाली ती मात्र दुसऱ्याच नात्याने. तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस हा ८ व्या काळ्या पलटणीतला शिपाई. तो १८८८ मध्ये क्षयाने वारला. १८९० साली नवा कायदा झाला. त्यात ९० दिवस नोकरी झालेल्या कोणत्याही अपंग सैनिकाला, अपंगत्व युद्धातले असो वा नसो, ६ ते १२ डॉलर आणि विधवेला ८ डॉलर मिळू लागले. टबमनने अर्ज केला. आणि पुन्हा तोच खेळ. नवरा सैन्यात दाखल झाला होता नेल्सन चार्ल्स या नावाने! मग हा तोच हे सिद्ध करा. तुझा पहिला नवरा मेला होता हे सिद्ध करा. लग्न कायदेशीर होते हे सिद्ध करा. सगळी प्रतिज्ञापत्रे होता होता १८९५ उजाडले. मंजूर झाले महिना ८ डॉलर.

पुढे तिच्या बाजूने काही लोकांनी काँग्रेसमध्ये खास विधेयक आणले. तिच्या स्वतःच्या कामाबद्दल महिना २५ डॉलर द्या म्हणाले. घासाघीस होऊन १८९९ मध्ये २० डॉलर ठरले. पण कायद्यात तिची ओळख काय लिहिली? नेल्सन डेव्हिसची विधवा. हेर म्हणून, वाटाड्या म्हणून एक अक्षर नाही.

तिच्यासारखीच सुझी किंग टेलर. गुलामीतून सुटलेली चौदा वर्षांची मुलगी पलटणीत आली. कपडे धुतले, जखमा बांधल्या, शिपायांना लिहायला-वाचायला शिकवले. सगळे बिनपगारी. १८९२ मध्ये परिचारिकांना १२ डॉलर पेन्शनचा कायदा झाला. पण हिची नोंद धोबीण म्हणून होती, परिचारिका म्हणून नव्हती. तिला काही मिळाले नाही. तिने एक केले. १९०२ साली आपल्या आठवणींचे पुस्तक स्वतः लिहून छापले. सरकारने लिहिले नाही ते तिने लिहिले.

टबमन १० मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी, तिनेच काढलेल्या वृद्धाश्रमात वारली. लष्करी मानवंदना देऊन तिला पुरले. त्याच साली २ फेब्रुवारीला इकडे मुंबईत सैन्यातलेच एक पेन्शनर, सुभेदार रामजी सकपाळ, वारले होते. आणि जुलैमध्ये त्यांचा मुलगा भीमराव न्यूयॉर्क बंदरात उतरला. हा योगायोग आहे, त्याला मी जास्त अर्थ चिकटवणार नाही. पण डोळ्यांपुढे चित्र उभे राहतेच.

जे मिळाले ते कसे मिळाले?

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे अमेरिकेने काही दिलेच नाही. तसे नाही. खोटे लिहिणार नाही. १८९० नंतर सैनिकी पेन्शनचा खर्च इतका वाढला की १८९३ मध्ये केंद्र सरकारच्या एकूण खर्चात त्याचा वाटा सुमारे ४० टक्के होता. हजारो काळ्या सैनिकांना आणि विधवांना पेन्शन मिळाली. ज्या काळात दक्षिणेत काळ्यांना झाडाला टांगून मारत होते, मताचा हक्क काढून घेत होते, त्या काळात दर तीन महिन्यांनी सरकारी पैसा एखाद्या म्हाताऱ्या काळ्या शिपायाच्या हातावर पडत होता. थोडा होता, पण मालकाच्या मेहेरबानीचा नव्हता. हक्काचा होता. त्यावर घराचे भाडे भागले, नातवंडे शाळेत गेली.

तो मिळाला तो साक्षीदारांमुळे. जुने सोबती एकमेकांसाठी मैलोन् मैल चालत गेले. खंदकात हा माझ्या शेजारी होता, तोफ याच्या पायावर पडली ती मी बघितली, याचे लग्न लागले तेव्हा मी हजर होतो. लिहिता येत नव्हते म्हणून कागदाखाली फुली मारली. ज्यांची कुठे नोंदच नव्हती अशा माणसांनी एकमेकांची नोंद केली.

आणि गंमत बघा. संशयाने गोळा केलेले ते सारे जबाब आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात जपून ठेवले आहेत. गुलामांच्या घरात लग्ने कशी होत, मुले कोणाची कुठे विकली गेली, पळून कोण कसा आला, हे गुलामांच्याच तोंडून सांगितलेले त्या फायलींत आहे. आज तिथले काळे लोक आपल्या पणजोबांचा शोध घ्यायला तीच दप्तरे उघडतात. नाकारण्यासाठी मागितलेला पुरावा एका समाजाचा इतिहास होऊन बसला.

हॅरिएट टबमनच्या पेन्शनचा हिशेब मात्र फार उशिरा पुरा झाला. मागितलेले २५ आणि दिलेले २० यातला फरक १८९९ पासून तिच्या मृत्यूपर्यंत धरून २००३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ११,७५० डॉलर मंजूर केले. ते ऑबर्नच्या तिच्या स्मारक-घराला दिले. तिला जाऊन तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.

आपण काय घ्यायचे?

त्या १८९० च्याच दशकात आपल्याकडे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ दापोलीच्या पेन्शनर मंडळींत जागृती करत होते. महारांची सैन्यभरती बंद केली म्हणून १८९४ मध्ये त्यांनी सरकारला द्यायचा अर्ज तयार केला. दोन देश, दोन समाज. एकाने दुसऱ्याचे नावही ऐकले नसेल. पण दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. रक्त सांडले एवढ्याने हक्क मिळत नाही. तो लिहून मागावा लागतो, आणि मागायला कागद लागतो.

बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिले. कायद्यापुढे सारे समान. ती समानता कचेरीच्या खिडकीपाशी येते तेव्हा तिच्या हातात कागद नसला तर ती रिकाम्या हाताने परत जाते. आपल्या वस्तीत आजही अशा आयाबहिणी आहेत की ज्यांच्या नवऱ्याचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने आहे. त्यांचा हक्क कोणी नाकारत नाही. नुसते 'उद्या या' म्हणतात.

म्हणून विहाराच्या मंडळाला माझी एक सूचना आहे. रविवारी वंदना झाल्यावर तासभर एक टेबल मांडावे. शिकलेल्या पोरापोरींनी बसावे आणि ज्याचे जे कागद असतील ते बघून, नावे जुळवून, अर्ज लिहून द्यावेत. साक्षीला माणूस लागला तर आपल्यातल्या कोणीतरी पाळी सोडून जावे. आणि एक वही ठेवावी. त्यात वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचे नाव, आधीचे नाव, गाव, कुठल्या खात्यात किती वर्षे काम केले, सगळे लिहून घ्यावे. माणूस आहे तोवर लिहून घ्यावे.

दादांसाठी उभे राहिलेल्या चौघांपैकी एक जण अजून आपल्या चाळीत आहेत. वहीतले पहिले नाव त्यांचे लिहावे, एवढी विनंती करून थांबतो.

जय भीम!